जुना माल विकणाऱ्या सज्जनांस

ऑनलाइन जाहिरात टाकून वापरलेला कॅमेरा, लेन्स, मोबाइल, लॅपटॉप किंवा दुचाकी विकणाऱ्या तमाम प्रामाणिक मंडळींना,



हे पत्र तुम्हाला आहे, भामट्यांना नाही. भामट्यांना पत्र लिहिण्यात काही अर्थ नसतो. ते आपलं काम मन लावून करतात, फोन पहिल्या रिंगला उचलतात, गोड बोलतात आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो दोन मिनिटांत पाठवतात. तक्रार करायची तर तुमच्याबद्दलच करावी लागते.

मी फोटोग्राफी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी नवी बॉडी आणि नवी लेन्स घेण्याची ऐपत असलेली मुलं फार थोडी. बाकीची लग्नाच्या ऑर्डरीत कुणाच्या तरी हाताखाली काम करून पैसे साठवतात आणि वापरलेला माल शोधतात. त्यामुळे जाहिराती चाळणं, विकणाऱ्याला फोन करणं, मुलांसोबत माल बघायला जाणं हे आता माझ्या शिकवण्याचाच भाग झालं आहे. एवढ्या फोनांनंतर जे दिसलं ते तुमच्यासमोर ठेवते आहे.

मुद्दा असा की तुम्ही सज्जन आहात, पण फोनच्या या टोकाला बसून ते कळत नाही. तुमच्या जाहिरातीत कंपनीच्या वेबसाइटवरून उचललेला फोटो असतो, भामट्याच्याही असतो. बिल विचारलं की तुम्ही ‘शोधावं लागेल’ म्हणता, तोही म्हणतो. तुम्हाला घाई असते, त्यालाही. तुम्ही आधी टोकन मागता, तो तर त्यासाठीच बसलेला असतो. तुमची कारणं वेगळी आहेत हे मला ठाऊक आहे. तुम्हाला कंटाळा आलेला असतो, त्याला पैसे काढायचे असतात. पण कारण बाहेरून दिसत नाही, वागणं तेवढं दिसतं. आणि खऱ्या विक्रेत्याचं वागणं जोवर असं आहे, तोवर खोट्याला काही वेगळं सोंग आणावंच लागत नाही.

पहिली तक्रार फोटोंची.

ऐंशी हजारांची लेन्स विकायला काढताना तिचा एक धुरकट फोटो, तोही खोक्याचा, हे मला खरंच समजत नाही. खोकं कोण विकत घेतंय? आम्हाला वस्तू बघायची असते. पुढची काच, मागची काच, माउंटवरचे घासल्याचे डाग, रबराची रिंग सैल झाली आहे का, बॉडीच्या तळाचा सीरियल नंबर. सीरियल नंबर मागितला की तुमच्यापैकी अर्धे लोक गप्प होतात आणि उरलेले दुखावतात. ‘मॅडम, विश्वास नसेल तर घेऊ नका.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचा शब्द यायच्या आत मला तो ऐकू येतो. अहो, विश्वास नाहीच आहे. आपली ओळख कालच्या मेसेजची. त्यात अपमान कसला? बँक तुम्हाला कर्ज देताना सातबारा मागते, पगाराची स्लिप मागते, तेव्हा तुम्ही बँकेला ‘विश्वास नसेल तर राहू द्या’ म्हणता का?

नंबर न देण्यामागे तुमची एक खरी भीती असते, तीही मी मानते. तुमचे फोटो आणि नंबर उचलून दुसराच कुणी तुमच्या लेन्सची जाहिरात टाकेल. असं होतं. भामट्यांच्या जाहिरातींतले चांगले फोटो बहुधा कुणा खऱ्या विक्रेत्याचेच असतात. त्यावरचा उपाय लपवण्यात नाही. मी एखाद्या वस्तूबद्दल विचारलं की एका कागदावर माझं नाव आणि आजची तारीख हाताने लिहा, तो कागद वस्तूला टेकवा आणि सीरियल नंबर दिसेल असा एकच फोटो काढा. तो फोटो दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, कारण त्यावर माझं नाव आहे. दुसऱ्याने विचारलं तर त्याच्या नावाचा दुसरा कागद. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला हे करायला एक मिनिट लागतं. ज्याच्या हातात नाही त्याला जन्मात जमत नाही.

आणि एक कृपा करा, तुमच्या आधार कार्डाचा फोटो कुणाला पाठवू नका. ‘हे बघा माझं आधार, मी खरा माणूस आहे’ असं म्हणून तुम्ही भाबडेपणाने ते पाठवता. त्याने तुमचा खरेपणा सिद्ध होत नाही, कारण भामटासुद्धा आधारच पाठवतो, आणि तो ज्याचं आधार पाठवतो तो तुमच्यासारखाच कुणीतरी असतो. वर्षभरापूर्वी त्याने एका ग्राहकाला किंवा विक्रेत्याला पाठवलेलं कार्ड आज तिसऱ्याला गंडवायला वापरलं जातं. मग पोलिसांचा फोन त्या कार्डावरच्या माणसाला जातो. ओळख पटवायची तर व्हिडिओ कॉल करा, चेहरा दाखवा, वस्तू चालू करून दाखवा.

ओळखपत्रांचा विषय निघाला म्हणून फौजी भाऊंचं सांगते. हा प्रकार देशभर चालतो आणि तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेला असेल. जाहिरात एखाद्या कॅमेऱ्याची किंवा बुलेटची असते. किंमत बाजारभावापेक्षा कमी, पण हास्यास्पद वाटेल इतकी कमी नाही. फोन केला की पलीकडचा सांगतो, मी सैन्यात आहे किंवा विमानतळावर सुरक्षा दलात आहे, बदलीचा हुकूम आला आहे, सामान नेता येत नाही. मग गणवेशातला फोटो येतो, ओळखपत्र येतं, कँटीनचं कार्ड येतं. भेटायला येतो म्हटलं तर आत बाहेरच्यांना सोडत नाहीत. माल सैन्याच्या पार्सलने येईल, आधी फक्त वाहतुकीचे दोन-तीन हजार टाका, बाकी वस्तू हातात आल्यावर. दोन हजार गेले की गाडी निघाल्याची पावती येते. मग वाटेत जीएसटी अडकतो, तो परत मिळणार असतो. मग रक्कम चुकीची टाकली गेली असते, पुन्हा टाकावी लागते. माणूस दोन हजारांत फसत नाही, दोन हजार वाचवायच्या नादात फसतो. आधीचे बुडू नयेत म्हणून पुढचे टाकतो.

या नाटकातला प्रत्येक संवाद तुमच्याकडून उसना घेतलेला आहे, हे लक्षात येतंय का? बदली झाली, घाई आहे, बघायला येऊ नका, आधी थोडे टाका, बाकीचे नंतर. यातलं एकेक वाक्य पुण्या-मुंबईतल्या अगदी खऱ्या, नोकरदार, घरी गणपती बसवणाऱ्या विक्रेत्याच्या तोंडून मी ऐकलेलं आहे. म्हणून माझी पहिली स्पष्ट विनंती: माल बघितल्याशिवाय टोकन मागू नका.

आता यावर तुमचं म्हणणं काय असेल तेही मला पाठ आहे. लोक ‘लास्ट किती?’ एवढंच लिहून गायब होतात. रविवारी सकाळी येतो म्हणतात, तुम्ही घरचं काम टाकून थांबता आणि ते फोनही उचलत नाहीत. पंचेचाळीस हजारांच्या वस्तूला अठरा हजार विचारतात आणि वर ‘कॅश देतो’ असा उपकार करतात. हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल ग्राहक म्हणवणाऱ्या आमच्या जमातीला कोपरापासून हात जोडायला हवेत. पण येणारा माणूस खरा की खोटा हे ठरवायला टोकन लागत नाही. जो आधी येईल त्याला बघायला मिळेल, बघून पसंत पडली की तिथल्या तिथे पूर्ण पैसे, असं जाहिरातीतच लिहा. कुणासाठी वस्तू राखून ठेवू नका. न राखल्याने जे एखादं गिऱ्हाईक हातचं जाईल ते जाऊ द्या, ते तसंही बहुधा आलं नसतं.

भेटलो की पुढची तक्रार सुरू होते, ती वेळेची. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात चहा सांगून होतो न होतो तोवर तुमची पायाने ठेका धरायला सुरुवात होते. मला अर्धा तास लागतो. काय करते ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी माझ्याकडे संशयाने बघणार नाही.

लेन्सच्या दोन्ही टोप्या काढते, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडते आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारून समोरून आत बघते. सरळ बघितलं तर काच स्वच्छच दिसते. प्रकाश तिरका पडला की आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरट धागे दिसतात, ते फंगस. कोकणात आणि मुंबईत चार महिने लेन्स कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवली की ते होण्याची दाट शक्यता असते. सुरुवातीला असेल तर कारागीर उघडून साफ करतो, पण फार दिवस राहिलं तर ते काचेवरच्या थराला खातं आणि तो डाग मग जात नाही. धूळ असेल तर मी काही बोलत नाही, वापरलेल्या लेन्समध्ये धुळीचे दोन-चार कण असायचेच. त्यानंतर अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलं आहे का बघते. मग कॅमेऱ्यावर लावून ऑटोफोकस जवळ-लांब, जवळ-लांब करून त्याचा आवाज ऐकते. बॉडी असेल तर अ‍ॅपर्चर सोळावर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढते, सेन्सरवरचे डाग त्यात काळ्या ठिपक्यांसारखे उमटतात. सगळी बटणं दाबते, कार्डाचा आणि बॅटरीचा दरवाजा उघडून झाकते, बॅटरीच्या कप्प्यात गंज आहे का बघते, फ्लॅशच्या जागी फ्लॅश लावून बघते. स्क्रू बघते. स्क्रूची खाच खरवडलेली असेल तर बॉडी कुणीतरी घरी उघडली आहे.

आणि शटर काउंट. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, काहींत कारागिराकडे किंवा वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. मधल्या दर्जाच्या डीएसएलआरचं शटर कंपनी साधारण एक ते दीड लाख क्लिकपर्यंत टिकेल असं धरून चालते. पुढेही चालतं, पण तो नशिबाचा भाग. ‘फक्त घरगुती वापर, सहलीला दोनदा नेला’ असं लिहिलेल्या बॉडीचा काउंट लाखाच्या वर निघतो तेव्हा मला खूप राग येतो असं नाही, गंमत वाटते. एका लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन-चार हजार क्लिक सहज होतात. लग्नं केली आहेत ना, मग लिहा की तसं. कष्टाची वस्तू आहे, त्यात लाजण्यासारखं काय? नीट सांभाळून वापरलेली लाख क्लिकची बॉडी मी कपाटात फंगस धरलेल्या दहा हजार क्लिकच्या बॉडीपेक्षा आनंदाने घेईन. पण तुम्ही शटर काउंट लपवला की मला वाटतं, अजून काय काय लपवलं असेल.

तुमच्या दृष्टीने नुकसानीची गोष्ट इथेच आहे. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. पुढे २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याला वाटा मिळाला तो याच विषयावरच्या कामासाठी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी चांगली की भंगार हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा मधलीच काहीतरी किंमत देऊ करतो. चांगल्या गाडीवाल्याला ती परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग उरलेल्या मालाची सरासरी आणखी घसरते, किंमत आणखी उतरते आणि शेवटी बाजारात भंगार तेवढं उरतं. तुम्ही ‘लोक फार कमी किंमत विचारतात’ म्हणून कुरकुरता ना, त्या कमी किमतीत आमचा चेंगटपणा थोडा आणि आमची भीती जास्त असते. बिल, नंबर आणि काउंट समोर ठेवलात की ती भीती कमी होते आणि तेवढे पैसे तुमच्याच खिशात जातात. मी स्वतः नीट कागद असलेल्या लेन्ससाठी मुलांना दोन-तीन हजार जास्त द्यायला लावते.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे हा सगळा घोळ फारसा होत नाही. तिथला विक्रेता काही संतमाणूस नसतो. पण त्याची जागा ठरलेली असते, वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करता येते आणि पुढच्या रविवारी जाऊन त्याच्याशी भांडता येतं. ऑनलाइनला जागाच नाही. विकून झालं की तुम्ही नंबर ब्लॉक करता. म्हणून जागेचं काम कागदाला करावं लागतं.

तर बिलाबद्दल. ‘बिल हरवलं, पण माल ओरिजिनल आहे.’ माल ओरिजिनल आहे हे मलाही दिसतं, तो तुमचा आहे का हा प्रश्न आहे. आपल्याकडे वस्तूंच्या विक्रीचा कायदा १९३० सालचा आहे आणि त्याचं साधं सूत्र असं की विकणाऱ्याची मालकी नसेल तर घेणाऱ्याकडे मालकी येत नाही. म्हणजे चोरलेली लेन्स माझ्या विद्यार्थ्याने पूर्ण पैसे मोजून घेतली तरी ती त्याची होत नाही, उद्या मूळ मालक आला तर ती जाते. शिवाय चोरीचा माल आहे असं वाटण्यासारखं कारण असताना तो घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराच अडकतो. बावीस वर्षांच्या पोराला बिल का लागतं ते आता कळलं असेल. बिल खरंच हरवलं असेल तर दुकानाकडे दुसरी प्रत मागा, ऑनलाइन घेतलं असेल तर तुमच्या खात्यात ते पडलेलंच असतं, वॉरंटीची नोंदणी केली असेल तर तिचा मेल काढा. पत्ता आणि फोन नंबर झाकून दाखवा, माझी हरकत नाही. परदेशातून भावाने आणली असेल तर तसं सांगा आणि इथे वॉरंटी नाही हेही सांगा.

मोबाइल विकणाऱ्यांना तर सबब सांगायलाही जागा नाही. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर समोर येतो. दूरसंचार खात्याच्या संचार साथीवर किंवा इंग्रजीत केवायएम लिहून पुढे तो नंबर टाकून १४४२२ वर एसएमएस केला की फोन काळ्या यादीत आहे का, तोच नंबर दुसऱ्या फोनवर चालू आहे का ते कळतं. ही चोरीचे फोन अडवणारी व्यवस्था २०१९ मध्ये सुरुवातीला ज्या भागांत आली त्यात महाराष्ट्र आणि गोवा होते, त्यामुळे ‘आमच्याकडे असलं काही चालत नाही’ असं म्हणू नका. हा एसएमएस माझ्यासमोर तुम्हीच करा. आणि फोन रिसेट करून आणू नका, चालू आणा. माझ्यासमोर तुमचा पासवर्ड टाकून तुमचं गुगल किंवा अ‍ॅपलचं खातं काढा, मग रिसेट करा. खातं न काढता रिसेट केलेला फोन घरी गेल्यावर जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो, आणि जुना मालक तोवर नंबर ब्लॉक करून बसलेला असतो.

दुचाकीवाल्यांना फार सांगत नाही, कारण तिथे तुमचंच नुकसान मोठं आहे. २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून गाडी देऊन टाकायची आणि नाव कधी बदलायचं ते घेणाऱ्यावर सोडायचं, ही आपली लाडकी पद्धत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर. गाडी तीन हात पुढे गेलेली असली तरी. तेव्हा विक्री झाल्यावर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवा, बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवा, थकलेली चलनं भरा. चासी नंबर आरसीशी जुळवून बघू द्या. घेणारा विम्यावरचं नाव बदलायची घाई करतो का तेही बघा, जो करत नाही त्याचा इरादा गाडी पुढे ढकलण्याचा असतो.

पैसे देण्याघेण्याच्या वेळी तुमची भीती आमच्याहून मोठी असते, आणि ती रास्त आहे. खोटा ग्राहक क्यूआर कोड पाठवतो आणि ‘स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील’ म्हणतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे एवढं घरातल्या ज्येष्ठांनाही सांगून ठेवा, कारण जाहिरातीवर पुष्कळदा त्यांचाच नंबर असतो. पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट दाखवून वस्तू उचलून नेणारेही आहेत, हुबेहूब दिसणारी खोटी अ‍ॅपही निघाली आहेत. म्हणून मी दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवूच नका. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली की मगच वस्तू द्या. मी थांबते, चहा अजून एक सांगू. रक्कम मोठी असेल तर तुमच्या बँकेच्या शाखेतच भेटू, तिथे दोघांनाही बरं वाटतं. संध्याकाळी सातनंतर, पार्किंगमध्ये, ‘घरी कुणी नाही, वर या’ असल्या जागी मात्र बोलावू नका. माझ्या विद्यार्थिनींना मी तिथे पाठवत नाही आणि तुम्ही कितीही सज्जन असलात तरी पाठवणार नाही.

शेवटी एक साधा कागद करू. वस्तूचं नाव, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, ज्ञात दोष, दोघांची नावं आणि सह्या. हा कागद बघून तुमच्यापैकी काही जण दचकतात, जणू मी सातबारावर नाव चढवायला सांगते आहे. खरं तर तो तुमच्या फायद्याचा आहे. उद्या त्या फोनवरून कुणी काही उद्योग केला तर तो तुमच्याकडे नव्हता हे याच कागदावरून दिसतं. शिवाय फंगस आहे असं तुम्ही लिहून दिलंत आणि मी सही केली, की आठ दिवसांनी फोन करून भांडायला मला तोंड राहत नाही. घरातली वस्तू एकदाच विकणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाणंही सहसा जमत नाही, तेव्हा आमच्याकडे उरतो तो हा कागद.

गाव लांबचं असेल तर? नागपूरची लेन्स आणि सांगलीचा ग्राहक असा जोड कायम जमतो. तेव्हा आपण दोघांनी तिसरा माणूस शोधावा. तुमच्या शहरातल्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे वस्तू नेऊन दाखवा, मी त्याच्याशी फोनवर बोलते, त्याच्या तपासणीचे पैसे मी देते. मुंबईत असाल तर फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला जा, तिथे कॅमेऱ्याची दुकानं आणि हात बसलेले कारागीर आहेत. बाकी शहरांतही एखादा असतोच. तुम्ही ‘एवढा वेळ नाही’ म्हणालात तर मी समजते की तुम्हाला विकायचंच नाही, किंवा वस्तूच नाही. पार्सल करताना पॅकिंगचा व्हिडिओ करा, मी उघडताना करते. विमा उतरवा, त्याचे पैसे मी भरते.

विक्री झाली की जाहिरात काढून टाका. ही एवढीशी गोष्ट बहुतेक जण करत नाहीत. तुमची महिनोन्‌महिने पडून राहिलेली जाहिरात म्हणजे भामट्यासाठी तयार फोटोंचा अल्बम. आणि तुमच्या फोटोंनी दुसरीच जाहिरात चालू आहे असं दिसलं तर ‘आपलं काय जातंय’ म्हणून सोडू नका. त्या साइटला कळवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. पैसे गेलेलं कुणी भेटलं तर त्याला त्याच तासात १९३० ला फोन लावायला सांगा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात फार वेगाने जातात, लवकर कळवलं तर वाटेत अडवता येतात.

सध्या मला एका विद्यार्थिनीसाठी वापरलेली मॅक्रो लेन्स हवी आहे. शंभर मिलिमीटरच्या आसपासची, बिलासकट. किडे-फुलं काढणार आहे ती, त्यामुळे रबराची रिंग घासलेली असली तरी चालेल, फंगस चालणार नाही. कुणाकडे असेल तर कळवा. शनिवारी सकाळी अकराला तुमच्या बँकेत येऊ. टोकन देणार नाही, घासाघीस एकदाच करीन, पसंत पडली तर पूर्ण पैसे तिथेच.

आपली,
एक गिऱ्हाईक

ता. क. लेन्सची मागची टोपी बहुधा तुमच्याच घरी राहते. ती आठवणीने घेऊन या.